थंड चाकाचा आकडा

रॉमेलनं काउंटरवर चार खोकी मांडली
आणि बोलायला लागला. पोरगा चांगला आहे,
पण त्याला वाटतंय, आम्ही टायरसाठी आलोय.

हे व्हॉल्व्हवर टोपीसारखं बसतं, म्हणाला,
हवा भरताना मात्र दर वेळी काढा.
दुसरं न काढता हवा भरू देतं,
पण वजनदार, रबरी व्हॉल्व्ह हिसके खाऊन चिरतो,
पितळी बसवून घ्यावे लागतील.
तिसरं रिमच्या पोटात राहतं, चोरीची भीती नाही,
बॅटरी संपली की अख्खा टायर उतरवायचा.
आणि ट्रेलर तीस फुटी, म्हणजे मधे एक रिपीटर हवाच,
मागच्याचं म्हणणं पुढच्याला पोचवणारा.

तो आहे आमच्याकडे, मी मनात म्हटलं.
सात वर्षं तेच करतेय.

ओरेस्ट खोक्यांकडे बघतच नव्हता.
त्याचा हिकरीचा दांडका आहे,
बापाच्या गव्हाच्या ट्रकपासूनचा.
दर थांब्याला उतरायचा, चारी चाकांना एकेक हाणायचा,
मान तिरकी करून ऐकायचा.
भरलेलं चाक ठण्ण म्हणतं. उतरलेलं भद्द.
पाच पाऊंड कमी असले तरी सांगायचा.
गेज लावून पडताळणं मी कधीच सोडून दिलं होतं.

चौतीस वर्षं धान्याच्या कोठारात, ड्रायरच्या पंख्यांखाली.
आधी पक्षी गेले.
मग नातीचे फोन.
मग मागच्या खोलीतून हाक मारणारी मी.
दांडका हाणणं तेवढं चालू राहिलं,
मान तिरकी करणंही.

जुलैत गल लेकच्या अलीकडे मागचं उजवं चाक फुटलं.
मी झोपले होते.
दोन किलोमीटर आम्ही रिमवर गेलो.
रबराच्या चिंध्यांनी पाण्याची नळी उपटली, पत्रा फाडला,
आणि ओरेस्ट स्टिअरिंगवर बोटांनी पोल्का वाजवत होता.
मागच्या ट्रकवाल्यानं दिवे मारून मारून जीव खाल्ला.
"भर दिवसा दिवे कसले मारतोय हा?"
त्या वाक्यानं मला जाग आली.

त्यानंतर दांडका सीटखाली गेला.
का, ते मी विचारलं नाही.

"अलार्म कसा वाजतो?" मी रॉमेलला म्हटलं.
त्यानं पहिल्याचं बटण दाबलं.
बारीक, उंच, काचेवर खिळा ओढल्यासारखा आवाज.
पलीकडच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली.
"हं," ओरेस्ट म्हणाला, "दाब की आता."

रॉमेलचं बोट बटणावरच होतं.

पोरगा चांगला आहे, म्हटलं ना मी.
त्यानं पहिलं खोकं मिटलं, मग दुसरं, तिसरं,
चौथं पुढे सरकवलं. सगळ्यांत महाग.
तळहाताएवढा पडदा, चाक बिघडलं की अख्खा लाल होतो.
"भोंगे सगळ्यांचेच भिकार असतात, साहेब," तो म्हणाला,
सावकाश, तोंड समोर ठेवून.
"लोक दिव्याच्या भरवशावर चालवतात."

ओरेस्ट त्याच्या ओठांकडे बघत राहिला.
"दिवा," म्हणाला. "दिवा बरा."

पुस्तिकेत लिहिलंय, आकडा थंड चाकावर ठरवा.
उन्हाच्या बाजूचं चाक दोन-तीन पाऊंड खोटं बोलतं.
म्हणून सकाळी सहाला अंगणात, गवतावर दहिवर गोठलेलं,
हातमोजे काढून आम्ही एकेक टोपी फिरवत गेलो.
पडद्यावर पासष्ट आलं. पासष्ट. चौसष्ट.
चौथ्याला अठ्ठावन्न.

ओरेस्ट काही बोलला नाही.
सीटखालून दांडका काढला, बाहीनं पुसला,
चौथ्या चाकापाशी जाऊन हाणला,
आणि मान तिरकी न करता
माझ्याकडे बघितलं.

"भद्द," मी म्हटलं, ओठ पूर्ण हलवून.

"तेच," तो म्हणाला,
आणि कॉम्प्रेसर आणायला शेडकडे गेला.